डॉप्लर नॉर्मल, तरी पाऊल बधिर: रक्त कमी पडलं की नर्व्हचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांना पंधरा वर्षांपासून मधुमेह. दोन्ही पावलं बधिर, रात्री तळव्यांची आग. पायांचा डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघण्याची तपासणी) केला, त्यात 'नस कुठेही ब्लॉक नाही' असं निघालं. दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र 'नसांना रक्त कमी पडतंय' म्हणून सांगितलं. दोघांपैकी बरोबर कोण? आणि रक्त कमी पडून नस खरंच मरत असेल, तर किती वेळात मरते आणि परत येते का?

दोघंही बरोबर असतील. घोळ घातलाय तो 'नस' या शब्दाने. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूचे निरोप नेणाऱ्या-आणणाऱ्या नर्व्हलाही नसच म्हणतो. 'मनगटाची नस कापली' म्हटलं की रक्त आलं, 'कमरेत नस दबली' म्हटलं की नर्व्ह आली, आणि 'नस ब्लॉक' म्हटलं की पुन्हा रक्तवाहिनी. माझ्या ओपीडीत निम्मा वेळ हा गुंता सोडवण्यात जातो. डॉप्लरने बघितली ती पायाची मोठी रक्तवाहिनी. दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात होती ती नर्व्ह. पुस्तकात तिला चेता किंवा मज्जातंतू म्हणतात. मी इथे सरळ नर्व्ह म्हणते, आणि तिच्या आतल्या बारीक धाग्यांना तंतू.

नर्व्ह म्हणजे विजेची वायर अशी उपमा सगळेच देतात, मीही देते, पण इथे ती आड येते. वायरला खायला लागत नाही. नर्व्ह जिवंत असते, तिला ऑक्सिजन आणि साखर लागते, आणि ती पोचवायला तिच्या अंगावर आणि पोटात तिच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. त्यांना वासा नर्व्होरम म्हणतात. त्या इतक्या बारीक असतात की पायाच्या डॉप्लरमध्ये त्या दिसण्याचा प्रश्नच येत नाही. मोठा हमरस्ता मोकळा आहे आणि गल्लीबोळ बंद आहेत, अशी अवस्था असू शकते.

रक्त थांबलं की काय होतं हे मी पहिल्यांदा शिकले ते स्वतःच्या हातावर. शिकत असताना आम्ही एकमेकांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो वरच्या प्रेशरच्याही बराच वर फुगवायचो आणि तसाच ठेवायचो. शेजारी सर घड्याळ घेऊन बसलेले असायचे. (घरी करू नका, मधुमेह असलेल्याने तर मुळीच नाही.) पहिली काही मिनिटं थोडी झिणझिण होते आणि विरते. मग हात नुसता जड, पांढुरका-निळसर. पंधरा-वीस मिनिटांनी बोटांच्या टोकांना कापसाचा स्पर्श कळेनासा होतो. ही बधिरता बोटांवरून तळहातावर, तिथून मनगटाकडे चढत जाते. गंमत म्हणजे कापूस कळत नाही, पण टाचणी टोचली की थोडी उशिरा एक जळजळीत, ओंगळ कळ उठते. अर्ध्या तासाच्या सुमाराला मला कोणी 'बोटं हलव' म्हणालं तेव्हा मी हाताकडे बघत बसले होते. हात माझाच होता, पण तो ऐकत नव्हता. पट्टा सोडला. हात लालबुंद झाला, स्पर्श मिनिटभरात परतायला लागला, आणि मग आल्या खऱ्या मुंग्या, नको नको झालं.

थॉमस लुईस, पिकरिंग आणि रॉथशिल्ड यांनी १९३१ साली हेच सगळं काळजीपूर्वक मोजून लिहून ठेवलं. बधिरता टोकाकडून वर चढते ही त्यांची नोंद आजही तशीच्या तशी लागू आहे.

या प्रयोगात समजून घेण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक तंतूच्या पडद्यात सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप असतात. पडद्याच्या आत-बाहेर विजेचा जो फरक टिकतो तो या पंपांच्या जिवावर, आणि पंप चालतात पेशीतल्या ऊर्जेवर, म्हणजे एटीपीवर. रक्त थांबलं की नर्व्ह काही काळ साठ्यावर आणि ऑक्सिजनशिवायच्या साखरज्वलनावर भागवते. तो साठा आटला की पंप मंदावतात, पोटॅशियम बाहेर साचतं, पडद्यावरचा फरक घसरतो, आणि एका मर्यादेखाली संदेश उठवणारे सोडियमचे दरवाजेच अडकून बसतात. संदेश थांबतो. मात्र अजून काहीही तुटलेलं नाही. रक्त परत आलं की पंप दुप्पट जोमाने कामाला लागतात, पडदा इकडून तिकडे हेलकावतो, आणि त्या हेलकाव्यात तंतू कारण नसताना आपोआप ठिणग्या टाकतात. त्या ठिणग्या म्हणजे मुंग्या. म्हणून पायाला मुंग्या आल्या की लोक 'रक्त थांबलं' म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा रक्त नुकतंच सुरू झालेलं असतं.

कापूस आधी गेला आणि कळ मागे राहिली, त्याचंही कारण आहे. स्पर्श आणि कंपन नेणारे तंतू जाड, मायलिनचं वेष्टण असलेले. जळजळीची कळ नेणारे बारीक, बिनवेष्टणाचे. रक्त तुटलं की जाड तंतू आधी माघार घेतात, बारीक तंतू चिवट असतात. मधुमेहात पुष्कळदा आधी बारीक तंतू जातात, म्हणजे क्रम उलटा दिसतो, आणि तिथे फक्त रक्ताचा प्रश्न नाही याची ही पहिली खूण. त्याकडे पुढे येते.

आता नर्व्हची रचना. पायाच्या पंज्याची जाणीव आणणारा तंतू ज्या पेशीतून निघतो ती पेशी कमरेच्या मणक्यापाशी असते. उंच माणसात तंतूची लांबी मीटरभर भरते. इतक्या लांबच्या टोकाला लागणारी प्रथिनं पेशीत तयार होतात आणि तंतूच्या आतून वाहून नेली जातात. वेगवान माल दिवसाला साधारण २०० ते ४०० मिलिमीटर सरकतो. पण ही वाहतूक कमरेतल्या ऊर्जेवर चालत नाही. वाटेत प्रत्येक ठिकाणी तिथली ऊर्जा लागते. मांडीच्या मध्यावर रक्त तुटलं, तर मणक्यापाशी कितीही सुबत्ता असली तरी माल मांडीतच अडकतो आणि पावलाकडचा तंतू उपाशी मरतो. दुखणं पावलात असतं, बिघाड वीतभर नव्हे तर हातभर वर असतो.

नर्व्हला रक्त आणणाऱ्या छोट्या धमन्या वाटेत ठिकठिकाणी येऊन मिळतात आणि तिच्या बाहेरच्या आवरणात एकमेकींना जोडत लांबच लांब जाळं विणतात. एखादी बंद झाली तर वरून-खालून रक्त येतं. शस्त्रक्रियेत नर्व्ह तिच्या जागेवरून बरीच लांब मोकळी करून बाजूला घेता येते आणि ती मरत नाही, ती या जाळ्यामुळेच. मोठ्या धमनीत हळूहळू अडथळा वाढत गेला तरी नर्व्ह बराच काळ तग धरते. पाय चालताना भरून येतो, रात्री ठणकतो, पलंगावरून खाली सोडला की बरं वाटतं, पण तपासलं तर नर्व्हचं नुकसान मानाने थोडं सापडतं. तिथे आधी स्नायू आणि कातडी रडतात.

खरी गोम आतल्या भागात आहे. बाहेरच्या जाळ्यातून आत, तंतूंच्या जुडग्यात जाणाऱ्या वाहिन्या एका घट्ट आवरणाला तिरक्या भोकांतून पार करतात. आत सूज आली, दाब वाढला, की त्या तिरक्या वाटा चिमटल्या जातात. आतल्या केशवाहिन्या एकमेकींपासून लांब-लांब असतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या प्रेशर कमी झालं की स्वतः रुंद होऊन प्रवाह सांभाळतात, ती सोय नर्व्हच्या आत जवळपास नाही. शिवाय साचलेलं पाणी निचरून न्यायला जुडग्याच्या आत लसिकावाहिन्याही नाहीत. एकदा सूज आली की ती जाता जात नाही. म्हणून नर्व्ह मोठ्या अडथळ्याला दाद देत नाही, पण बारीक वाहिन्या एकदम पुष्कळ बंद झाल्या की कोलमडते.

नुकादा आणि डिक यांनी १९८४ साली हे उंदरांत फार सुरेख दाखवलं. त्यांनी सूक्ष्म गोळ्या धमनीत सोडून नर्व्हच्या केशवाहिन्याच बुजवल्या. तंतू मेले, आणि मेले ते जुडग्याच्या मधोमध असलेले. कडेचे शेजारच्या रक्तावर तगले. मधला भाग मेलेला आणि कड जिवंत, हा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली दिसला की माझ्या डोक्यात पहिला विचार रक्तपुरवठ्याचा येतो.

माणसात हेच चित्र उघड्या डोळ्यांनी बघायला मिळतं ते मेंदूतून निघून डोळा हलवणाऱ्या तिसऱ्या नर्व्हमध्ये. मधुमेही माणूस सकाळी उठतो, एक पापणी पूर्ण खाली आलेली, उचलून बघितलं तर बुबुळ बाहेरच्या बाजूला वळलेलं, भुवईच्या मागे दुखतंय. पण बाहुली दुसऱ्या डोळ्याइतकीच, आणि टॉर्च मारला की झटकन बारीक होणारी. या नर्व्हमध्ये बाहुलीचे तंतू कडेने, पृष्ठभागाजवळ जातात. रक्त कमी पडून गाभा गेला, कड वाचली. असा डोळा बहुधा तीनेक महिन्यांत सुधारतो. याउलट बाहुली मोठी आणि सुस्त असेल, तर नर्व्ह बाहेरून कशानेतरी दाबली जात असण्याची शक्यता मोठी, आणि मेंदूच्या धमनीचा फुगा आहे का ते त्याच दिवशी बघावं लागतं. एका टॉर्चने एवढा फरक कळतो. बाहुली नीट दिसली तरी तपासणी टाळायची असा अर्थ मात्र कोणी काढू नये.

'किती वेळात मरते' याचं एकच उत्तर देता येत नाही. काम बंद पडणं आणि मरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्त पूर्ण तुटलं तर काम अर्ध्या तासात बंद पडतं. तेवढ्यात रक्त आलं तर काही मिनिटांत पूर्ववत. शस्त्रक्रियेत हाता-पायाला पट्टा बांधून रक्त थांबवतात तेव्हा साधारण दोन तासांच्या आत सोडायचा असा दंडक आहे. सहा-आठ तासांपुढे कायमच्या नुकसानीची शक्यता झपाट्याने वाढते. थंड अवयव जास्त टिकतो, गरम लवकर जातो. आणि रक्त परत आल्यावर सगळं संपलं असंही नाही. बराच वेळ उपाशी राहिलेल्या वाहिन्यांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात, रक्ताबरोबर येणाऱ्या ऑक्सिजनमधून तापट रेणू तयार होतात, आत सूज येते, आणि जुडग्याला निचरा नाही हे वर सांगितलंच. काही तंतू रक्त थांबल्याने नव्हे, तर परत आल्यानंतरच्या सुजेने जातात.

पोटरीचं हाड मोडल्यावर किंवा पाय चेंगरल्यावर जे होतं त्याला कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. पोटरीतले स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. कप्प्यात सूज वाढली की दाब वाढतो, केशवाहिन्या मिटतात, पण घोट्याजवळची नाडी लागत राहते, कारण मोठ्या धमनीतला दाब त्याहून कितीतरी जास्त असतो. नाडी लागतेय म्हणून सगळे निर्धास्त राहतात. रुग्ण मात्र औषधाला न जुमानणाऱ्या वेदनेने तळमळतो, पायाची बोटं कोणी हलवली की ओरडतो, आणि अंगठा व शेजारच्या बोटामधल्या बेचकीत त्याला स्पर्श कळत नाही. ती बेचकी म्हणजे पोटरीच्या पुढच्या कप्प्यातून जाणाऱ्या नर्व्हचं टोक. कप्प्यातला दाब बीपीच्या खालच्या आकड्यापासून ३० मिलिमीटरच्या आत आला की बहुतेक सर्जन कप्पा उघडायचा निर्णय घेतात. फोल्कमान यांनी १८८१ साली घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनंतर कायमचे आखडलेले हात वर्णन केले, ते याच गोष्टीचं शेवटचं रूप. प्लास्टर घातल्यावर बोटं बधिर होत असतील आणि वेदना वाढत असेल, तर 'सकाळी बघू' म्हणायचं नाही. तिथे सकाळ उशिराची असते.

पायावर पाय टाकून बसल्यावर पाय बधिर होतो ते रक्तामुळे की दाबामुळे, असं नेहमी विचारतात. प्रामाणिक उत्तर: थोडं हे, थोडं ते, आणि किती वेळाने बरं होतं यावरून ठरवायचं. उठून पाय झटकल्यावर दोन-चार मिनिटांत मुंग्या येऊन सगळं ठीक झालं, तर तो बहुतांशी रक्ताचा खेळ. ससा आणि माणूस दोघांतही नर्व्हचं रक्त अडायला फार मोठा दाब लागत नाही. सशाच्या नर्व्हमध्ये पाऱ्याच्या २० ते ३० मिलिमीटर दाबालाच आतल्या शिरांचा प्रवाह मंदावतो. मनगटाच्या बोगद्यात नर्व्ह दबते, त्या कार्पल टनलच्या रुग्णांत बोगद्यातला दाब त्याच पातळीवर गेलेला सापडतो. म्हणून ते लोक रात्री उठून हात झटकतात आणि त्यांना आराम पडतो. झटकून आराम पडतोय, म्हणजे अजून प्रकरण पुष्कळसं रक्ताचं आहे. झटकूनही बधिरता जाईनाशी झाली की मायलिनचं आणि पुढे तंतूंचं नुकसान सुरू झालं.

पण दंडावर डोकं ठेवून गाढ झोपलेला माणूस सकाळी मनगट लुळं घेऊन उठतो आणि ते सहा-आठ आठवडे तसंच राहतं, ते रक्ताचं काम नव्हे. १९७२ साली ओचोआ, फाउलर आणि गिलियट यांनी बबून माकडांच्या पायाला पट्टे बांधून बघितलं. नुकसान पट्ट्याखाली सगळीकडे सारखं नव्हतं, पट्ट्याच्या दोन्ही कडांना होतं. मायलिनच्या दोन तुकड्यांमधला सांधा दाबाच्या जोराने शेजारच्या तुकड्यात अक्षरशः घुसला होता, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकतात तसा. रक्त तर पट्ट्याखाली आणि त्याच्या खालीही सगळीकडेच तुटलं होतं. निव्वळ रक्ताचा दोष असता तर नुकसान कडांपुरतं कशाला राहिलं असतं? हा शोध मला फार आवडतो, कारण त्याआधी बरेच जण सगळं खापर रक्तावर फोडत होते.

रक्त कमी पडून नर्व्ह मरण्याचं माझ्या कामातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आलेली सूज. एक बाई आठवतात, पन्नाशीच्या. उजव्या पायातली चप्पल चालताना निसटून मागे राहिली आणि त्यांना कळलंच नाही. मागून येणाऱ्या मुलीने दाखवली. आदल्या रात्री नडगीच्या बाहेरच्या बाजूला भाजल्यासारखी आग होती, सकाळी पाऊल वर उचलेना. कोणीतरी कमरेची गादी सरकली असेल म्हणून एमआरआय केला. त्यात थोडंफार काहीतरी निघालं, या वयात निघतंच, आणि त्यांना आडवं झोपवून ठेवलं. दहा दिवसांनी डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. मग त्या माझ्याकडे आल्या. उजवा पाय आणि डावा हात एका गादीने जात नाहीत. वजन पाच किलो उतरलं होतं, संध्याकाळी कणकण असायची, आणि दोन वर्षांपूर्वी अचानक सुरू झालेला दमा होता, ज्याचा या सगळ्याशी संबंध असेल असं त्यांना कशाला वाटेल? रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर वाढलेले निघाले.

एकापाठोपाठ एक, वेगवेगळ्या जागच्या नर्व्ह, दुखत-दुखत, एकेका दिवसात जाणं याला मोनोन्युरायटिस मल्टिप्लेक्स म्हणतात. पन्नासपासून तीनशे मायक्रॉनपर्यंतच्या, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपासच्या धमन्या सुजतात, त्यांच्या भिंती कुजतात, पोकळी बंद होते. एक बंद झाली तर जाळं सांभाळून घेतं, पण इथे एकाच पट्ट्यातल्या अनेक बंद होतात. फटका बहुधा मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर बसतो, जिथे वरून येणाऱ्या आणि खालून येणाऱ्या पुरवठ्याच्या हद्दी मिळतात. दोन कालव्यांच्या शेवटच्या टोकाचं शेत आधी सुकतं, तसं. पाऊल उचलणारी नर्व्ह सर्वांत जास्त वेळा सापडते. संधिवात बराच जुना असलेल्यांत, हिपॅटायटिस बी आणि सी असलेल्यांत हे होऊ शकतं, आणि काहींत आजार फक्त नर्व्हपुरताच राहतो. कुसमाउल आणि मायर यांनी १८६६ साली या आजारांतल्या एकाचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्या रुग्णाच्या नर्व्हही गेल्या होत्या.

इथे तपासणीच्या वेळेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तंतू मधेच मेला तरी त्याचा खालचा तुकडा लगेच थंड पडत नाही. १८५० साली वॉलर यांनी बेडकाच्या जिभेची नर्व्ह कापून दाखवलं की कापलेल्या जागेपासून पुढचा सगळा भाग हळूहळू विघटित होतो. माणसात या तुकड्याला विजेचा झटका दिला तर तो काही दिवस उत्तर देत राहतो. स्नायूकडचा प्रतिसाद साधारण आठवडाभरात संपतो, संवेदनेचा दहा-अकरा दिवसांत. स्नायूत सुई घालून दिसणाऱ्या खुणा तर दोन-तीन आठवड्यांनी येतात. तिसऱ्या दिवशी नर्व्ह कंडक्शन टेस्ट (असे झटके देऊन नर्व्हचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) केली, ती बरीचशी ठीक आली आणि 'नर्व्हला काही नाही' असा शेरा बसला, असे रिपोर्ट मी बरेच पाहिलेत. लवकर केलेल्या टेस्टमध्ये मधेच संदेश अडल्यासारखा दिसतो, तो आठवड्याने पुन्हा केली की नाहीसा होतो आणि खालचा प्रतिसादच बारीक झालेला दिसतो. शंका असेल तर टेस्ट दोनदा करावी.

त्या बाईंच्या घोट्याजवळची नर्व्ह आणि सोबत स्नायूचा छोटा तुकडा काढून तपासला. ती नर्व्ह काढल्यामुळे पावलाच्या बाहेरच्या कडेला कायमची बधिर पट्टी राहू शकते, हे आधी सांगूनच काढतात. तुकड्यात धमनी सुजून बंद झालेली होती आणि शेजारच्या जुडग्यांत एका जुडग्यातले तंतू जवळपास सगळे गेलेले, शेजारच्यातले शाबूत. सूज दाबणारी औषधं, स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड, सुरू केली (आता काहींना रिटुक्सिमॅबही देतात). औषधाने मेलेले तंतू उठत नाहीत. औषध पुढची नर्व्ह वाचवतं. गेलेला तंतू परत वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तोही तंतूभोवतीची जुनी नळी शाबूत असेल तर. मांडीच्या मध्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंत तीस-पस्तीस सेंटिमीटर धरा, म्हणजे वर्षभर. त्यांचं पाऊल चौदाव्या महिन्यात थोडं उचलायला लागलं. हाताची बोटं अजून थोडी बधिरच आहेत.

थोडक्यात सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट, कारण ती ओळखली नाही तर तासातासाने नुकसान वाढतं. डायलिसिससाठी कोपराजवळ फिस्टुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. क्वचित, आणि बहुधा जुना मधुमेह असलेल्यांत, शस्त्रक्रिया झाल्या झाल्या हाताची प्रचंड आग होते, बोटं लुळी पडतात, हाताच्या तिन्ही मुख्य नर्व्ह एकदम जातात. हात मात्र गरम असतो, नाडीही लागू शकते. फिस्टुलाने रक्त पळवलं, आणि उरलेलं रक्त कातडीला-स्नायूला पुरलं, नर्व्हला नाही. याला १९८३ साली इस्केमिक मोनोमेलिक न्यूरोपॅथी असं नाव मिळालं. भूल उतरतेय म्हणून वाट बघत बसू नये. फिस्टुला बहुतेकदा लगेच बंद करावा लागतो.

आता वडिलांकडे येते. जुन्या मधुमेहात नर्व्हच्या आतल्या केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, त्यांच्या आधाराच्या पेशी गळतात, पोकळी अरुंद होते, आणि आतला ऑक्सिजन कमी पडतो. 'नसांना रक्त कमी पडतंय' हे दुसऱ्या डॉक्टरांचं वाक्य या अर्थाने खरं. पण ते निम्मं उत्तर आहे. जास्तीच्या साखरेचा तंतूंवर आणि त्यांना सांभाळणाऱ्या श्वान (Schwann) पेशींवर थेट परिणामही होतो. दोन्ही पायांत सारखं, बोटांपासून सुरू होऊन हळूहळू मोज्यासारखं वर चढणारं बधिरपण हे या एकत्रित माराचं चित्र आहे. निव्वळ रक्त तुटल्याचं चित्र वर सांगितलं तसं: एकाएकी, एका बाजूला, एका नर्व्हच्या हद्दीत.

मधुमेही नर्व्हचा एक विचित्र गुण आहे. वरचा पट्ट्याचा प्रयोग मधुमेही माणसावर केला, तर त्याच्या हातातली कंपनाची जाणीव निरोगी माणसापेक्षा जास्त वेळ टिकते. रक्तात साखर भरपूर आणि ऑक्सिजनशिवाय ती जाळायची सवय झालेली, म्हणून काम जास्त वेळ चालतं. विद्यार्थी यावरून मधुमेही नर्व्ह रक्ताच्या टंचाईला जास्त चिवट असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. प्राण्यांत टंचाई लांबवली की मधुमेही नर्व्हमध्ये मेलेले तंतू जास्त सापडतात. उशिरापर्यंत चालू राहते आणि मग जास्त मोठी पडते.

वडिलांच्या पायाची मोठी धमनी मोकळी आहे ही चांगलीच बातमी आहे: जखम झाली तर भरून यायला रक्त पोचेल. धमनी उघडणाऱ्या उपचारांनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी बधिरपणा जाईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. साखर आटोक्यात ठेवल्याने काय होतं याचा सगळ्यात भक्कम पुरावा टाइप १ मधुमेहातला आहे: डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासात (निष्कर्ष १९९३) काटेकोर नियंत्रण ठेवलेल्या गटात न्यूरोपॅथी, म्हणजे नर्व्हचा आजार, सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाली. टाइप २ मध्ये फायदा त्यामानाने कमी दिसतो, तिथे बीपी, चरबी आणि तंबाखू यांच्याकडेही तितकंच बघावं लागतं. आगीसाठी वेगळी औषधं आहेत, ती झोप परत आणतात, नर्व्ह दुरुस्त करत नाहीत. बी १२ एकदा तपासून घ्या, विशेषतः मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल तर. ती कमतरता याच्यासारखीच दिसते आणि भरून काढता येते.

पुढच्या भेटीत त्यांच्या तळव्यांना दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा नायलॉनचा धागा) आणि पायाच्या अंगठ्याला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंपन तपासायचा चिमटा) लावून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे आणि डॉप्लरपेक्षा या प्रश्नासाठी जास्त उपयोगी. तोवर रोज रात्री तळवे उजेडात कोणीतरी दुसऱ्याने बघावेत, बुटात हात घालून खडा नाही ना ते चाचपावं, पाणी हाताच्या कोपराने बघून मगच पाय घालावेत. आणि एखाद्या दिवशी एकाच पायाचं पाऊल अचानक पडलं, किंवा एका मांडीत असह्य दुखून पंधरा दिवसांत मांडी बारीक झाली, तर 'मधुमेहच आहे ना, तसंच असणार' म्हणून घरी थांबू नका. ते वेगळं प्रकरण असू शकतं, नर्व्हच्या बारीक वाहिन्यांच्या सुजेचं, आणि ते न्यूरॉलॉजिस्टने त्याच आठवड्यात बघावं.